वर्णविपर्यय म्हणजे काय? ‘नुसकान’ चूक आहे का?

परभणीकडच्या एका वाचकानं विचारलंय: ‘आमची आजी नुकसानला नुसकान म्हणते. याला वर्णविपर्यय म्हणतात म्हणे. या शब्दाचा अर्थ काय, तो आला कुठून?’

वर्ण म्हणजे उच्चारातला सुटा ध्वनी. विपर्यय म्हणजे उलटापालट. वि, परि हे उपसर्ग आणि ‘जाणे’ या अर्थाचा ‘इ’ धातू मिळून तो शब्द झाला. संज्ञा जुनी, संस्कृत व्याकरणातली. ‘वर्णागमो वर्णविपर्ययश्च’ असा श्लोकच आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘सिंह’: हिंस् धातूतल्या ह आणि स यांनी जागा बदलल्या. ही व्युत्पत्ती मला पटत नाही, पण संज्ञेचा अर्थ तिच्यातून चटकन कळतो.

मग अक्षरविपर्यय का म्हणत नाहीत? नुकसान बोलून बघा. क आणि सा ही अक्षरं जशीच्या तशी फिरली असती तर ‘नुसाकन’ झालं असतं. तसं कुणीच बोलत नाही. बोलताना आपण ‘नुक्सान’ म्हणतो आणि त्यातले फक्त क् नि स् फिरतात. ‘आ’ आपल्या जागी राहतो. म्हणून वर्ण हाच शब्द नेमका. कोड्यात अक्षरं हलवून नवा शब्द करतात तो खेळ वेगळा, तिथं माणूस ठरवून करतो. इथं जीभ आपोआप वळते. सोयाबीन भिजलं की मोंढ्यात ‘लई नुसकान झालं’ हे हमखास ऐकू येतं, आणि शाळेतला डेस्क ‘डेक्स’ होतो. गंमत बघा, एकीकडं क्सचा स्क, दुसरीकडं स्कचा क्स. नुसतं ‘उच्चार सोपा केला’ म्हणून हे सुटत नाही.

आजी मुळीच चुकत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृतच्या व्याकरणात असे शब्द सूत्रं देऊन नोंदवलेत. लघुकचं हलुअ, आपला ‘हलका’ याच घरातला. ललाटचं णडाल, ‘निढळाचा घाम’मधलं निढळ, म्हणजे कपाळ, तिथूनच आलं. आणि महाराष्ट्रातले ह, र फिरून मरहट्ठ झालं, त्यातून मराठा, मराठी. आजीची जीभ तेच करते आहे.

पंचनाम्याच्या अर्जावर मात्र नुकसानच लिहा.