चाल परत आली? मग हे वाच

निर्मात्याकडे पाठवलेली गाण्याची चाल नाकारून परत आली म्हणून काम थांबवू नकोस. सुरुवातीला बहुतेकदा नकारही येत नाही, उत्तरच येत नाही. त्याचा अर्थ ‘माझं गाणं वाईट’ असा लावणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. कधी प्रसंगाला वेगळी लय हवी असते, कधी निर्मात्याने गाणंच काढून टाकलेलं असतं, कधी गायिकेच्या पट्टीत अंतरा बसत नाही. यातलं काहीही तुला कोणी कळवत नाही.

आत्ता एवढंच कर:

- मुखडा लगेच ऐकू येईल असं साधं रेकॉर्डिंग पाठव. पेटी किंवा गिटार आणि स्वच्छ आवाज पुरे.
- ‘अंतरा सैल आहे’ असं कोणी नेमकं सांगितलं तर वाद न घालता वही काढ. असं सांगणारी माणसं फार थोडी, त्यांना जप. नुसतं ‘मजा नाही आली’ असेल तर सोडून दे.
- नाकारलेली चाल तारीख घालून ठेव. नव्या शब्दांवर तीच कधीतरी उभी राहते.

आणि हे कळकळीने सांगतो. नकारांनी खचलेला नवखा कसल्याही करारावर सही करतो. ‘नाव देतो, रॉयल्टीवर पाणी सोड’ म्हणणाऱ्याला नाही म्हण. २०१२च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिलंय. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सभासदत्व वगैरे गाणं प्रसिद्ध झाल्यावर बघू.

पुढचा मुखडा झाला की पाठव, नक्की ऐकतो.