कंगव्याला कपटे चिकटले नाहीत, तर वहीत काय लिहावे?

प्रश्न : माझी मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत सातवीत शिकते. ‘स्थितिक विद्युत’ हा पाठ वर्गात झाल्यावर तिने घरी प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा केसांवरून फिरवला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. पण एकही कपटा हलला नाही. सलग तीन संध्याकाळी तिने हाच प्रयोग केला आणि शेवटी वहीत ‘कपटे आकर्षित झाले नाहीत’ असे निरीक्षण लिहिले. त्यावर लाल शाईची काट मारून ‘पुस्तकाप्रमाणे लिहिणे’ असा शेरा आला आहे. तिने आता काय लिहावे? – एक आई, ऐरोली

उत्तर : जे दिसले तेच लिहावे. तीन दिवस तोच प्रयोग पुन्हा करून पाहणारी आणि तिन्ही दिवसांचे खरे सांगणारी मुलगी विज्ञान नीट शिकते आहे, हे आधी तिला सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कपटे का हलले नाहीत हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्याच पाठात आहे.

आपल्या पत्रावर ऑगस्टमधील तारीख आहे आणि आपण खाडीच्या काठी राहता. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. कंगवा कोरड्या केसांवर घासला, की केसांतील काही इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतप्रभाराचे सूक्ष्म कण) कंगव्यावर जातात, कंगवा ऋणप्रभारित होतो आणि केसांवर धनप्रभार राहतो. हा प्रभार कंगव्यावर जिथल्या तिथे राहिला, तरच तो कपट्यांना ओढू शकतो. दमट हवेत मात्र कंगव्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो, आणि कंगव्यावरचा मळ व घामातले क्षार त्यात विरघळलेले असल्यामुळे त्या थरातून प्रभार हळूहळू हाताकडे निघून जातो. म्हणजे आपल्या मुलीच्या हातून प्रयोग चुकला नाही. प्रभार तयार होत होता, पण तो टिकत नव्हता. त्यातच तिच्या केसांना खोबरेल तेल लावलेले असेल, तर कंगवा केसांवरून नुसता घसरतो आणि प्रभार मुळातच कमी तयार होतो. मराठी घरांत हा प्रयोग फसण्याचे हे दुसरे कारण मी इतक्यांदा पाहिले आहे, की शाळेत असताना हा पाठ घेण्याच्या आदल्या दिवशी मी मुलींना न्हाऊन यायला सांगत असे.

आता तिला पुढील प्रयोग करू द्या. कंगवा साबणाने धुवून पूर्ण वाळवावा आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस ठेवावा. जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यावर किंवा लोकरीच्या मोज्यावर गरम इस्त्री फिरवून त्यातला ओलावा घालवावा आणि तो कोमट असतानाच कंगवा त्यावर घासावा. घरात वातानुकूलित खोली असेल, तर तिथली हवा अधिक कोरडी असते. तिथेही करून पाहावे. वीस कपटे एकाच आकाराचे कापून त्यांपैकी किती उचलले गेले ते मोजावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी : कधी खोली, कधी कापड, कधी तेल लावलेले व न लावलेले केस. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. प्रत्येक वेळी तारीख, पाऊस होता की ऊन, आणि उचललेल्या कपट्यांची संख्या एका तक्त्यात लिहावी. तो तक्ता जपून ठेवून जानेवारीत, हवा कोरडी झाल्यावर, तोच कंगवा आणि तेच कपटे घेऊन प्रयोग पुन्हा करावा.

कपटे उचलले जातील तेव्हा तिला नीट जवळून पाहायला सांगा. काही कपटे कंगव्याला चिकटून क्षणभर तसेच राहतील आणि मग कोणी टिचकी मारावी तसे दूर उडतील. कपट्यावर मुळात प्रभार नसतो. कंगवा जवळ आल्यामुळे त्याच्या आतले प्रभार थोडे इकडेतिकडे सरकतात आणि म्हणून तो ओढला जातो. कंगव्याला टेकल्यावर मात्र कंगव्यावरचाच प्रभार त्याला मिळतो, आणि सजातीय, म्हणजे एकाच प्रकारचे, प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. पुस्तकातले आकर्षण आणि प्रतिकर्षण असे एकाच कपट्यात दिसते.

आपल्या प्रश्नातला शेरा मला अधिक अस्वस्थ करतो. प्रयोगाच्या वहीत आपण उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे पाच मथळे मुलांकडून लिहून घेतो. त्यांतले निरीक्षण म्हणजे डोळ्यांनी पाहिले ते, आणि अनुमान म्हणजे त्यावरून विचार करून काढले ते. सहावी ते आठवी या तीन वर्षांत मुले पेशी, आम्ल-आम्लारी, उष्णता, चुंबकत्व असे किती तरी विषय शिकतात आणि त्यांतला बराच तपशील पुढे विसरतात; पण या दोन मथळ्यांमधला फरक त्यांच्या अंगी मुरला, तर तो जन्मभर पुरतो. निरीक्षणाच्या रकान्यात न पाहिलेली गोष्ट लिहायला लावली, की हा फरकच पुसला जातो, आणि मूल इतकेच शिकते, की डोळ्यांपेक्षा छापील ओळ खरी. मीही ठाण्यात शिकवत असताना, साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास या धावपळीत, सुरुवातीची काही वर्षे निरीक्षणे फळ्यावरून उतरवून घेतली, आणि त्याची मला आजही खंत वाटते. म्हणून त्या शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्यापुढची अडचण खरी आहे.

आपल्या मुलीला हेही सांगा, की दमट हवेत प्रभार न टिकण्याच्या तिच्या अडचणीवर एका मोठ्या शास्त्रज्ञाने काम केले आहे. विद्युतप्रभाराच्या एककाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यांनी १७८५ मध्ये पीळ-तराजूच्या (तारेला पडणाऱ्या पिळावरून बल मोजणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने दोन प्रभारांमधील बल मोजले. त्यांच्याही उपकरणातला प्रभार दमट हवेत कमी होत जाई. तो किती वेळात किती कमी होतो, आणि हवेतून किती व आधाराच्या दोऱ्यातून किती जातो, याचा त्यांनी स्वतंत्र अभ्यास करून त्यावर वेगळा शोधनिबंध लिहिला.

राहिला गुणांचा प्रश्न. वहीत तिने ‘दमट हवेत केलेल्या प्रयोगात कपटे आकर्षित झाले नाहीत’ हे निरीक्षण तसेच ठेवावे, त्याखाली कोरड्या स्थितीतल्या प्रयोगाचे निरीक्षण तारखेसह लिहावे, आणि अनुमानात दोन्हींतल्या फरकाचे कारण द्यावे. परीक्षेत ‘घर्षणाने प्रभारित झालेला कंगवा कपट्यांना आकर्षित करतो’ असे लिहिण्यात काहीही खोटे नाही, कारण तो नियम आहे, तिचे निरीक्षण नव्हे. तक्ता घेऊन आपण शिक्षकांना भेटा. तक्रार म्हणून जाऊ नका. हा तक्ता वर्गात दाखवाल का, असे विचारा.

प्रश्न : आठवीतला नातू म्हणतो, की कंगव्यावरची वीज आणि आकाशातली वीज एकच. हे खरे आहे का? परतीच्या पावसाच्या दिवसांत आम्ही दोघे संध्याकाळी उपवन तलावावर फिरायला जातो. गडगडाट ऐकू आल्यास काय करावे? – एक आजोबा, नौपाडा, ठाणे

उत्तर : नातवाचे म्हणणे बरोबर आहे. ढगात वर चढणाऱ्या हवेच्या झोतात बर्फाचे बारीक स्फटिक आणि गारांचे मऊ कण एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्यात प्रभाराची देवाणघेवाण होते. बहुतेक वेळा ढगाचा खालचा भाग ऋणप्रभारित होतो आणि त्याच्याखालची जमीन धनप्रभारित होते. हा प्रभार फार वाढला, की एरवी विद्युतरोधक असणारी हवाच वाहक बनते आणि वीज पडते. ढगातली वीज तपासण्यासाठी वादळात पतंग उडवणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिन या शास्त्रज्ञाची गोष्ट मुलांना आवडते, पण पतंगाचा तो प्रयोग कोणीही करू नये; आकाशातल्या विजेवर असेच प्रयोग करणारे रिखमान हे शास्त्रज्ञ १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे वीज लागून मरण पावले.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि त्यांना तीनने भागावे. वीज साधारण तितके किलोमीटर दूर असते, कारण ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. मोजलेले सेकंद तीसपेक्षा कमी भरले, तर तलावाचा काठ सोडून लगेच पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाखाली थांबू नये. बंद मोटारीत बसलेले चालते. रिक्षा मात्र बाजूंनी उघडी असते, तिचा आसरा पुरत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच बाहेर पडावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप फोनमध्ये असू द्यावे. ते जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. सेकंद मोजण्याचे काम नातवाकडे सोपवा, आणि ते आकडे त्याला वहीत लिहून ठेवू द्या.