पहिला गोऱ्हा कापण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तुमच्या शेतावर दोन वर्षे वाढवलेला गोऱ्हा या नोव्हेंबरात घरीच कापायचा आणि सासरच्या सगळ्यांनी मिळून वर्षाचे मांस साठवायचे, असा बेत तू कळवला आहेस आणि सुऱ्या कोणत्या घ्याव्यात ते विचारले आहेस. सहा इंची, अरुंद पात्याच्या दोन-तीन सुऱ्या आणि धार लावायची स्टीलची सळई एवढे पुरते. त्यात फार पैसे घालू नकोस. खरी अडचण थंडीची आहे, आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय जनावराला हात लावू नये, हे मी नुकसान सोसून शिकलो.

कापतेवेळी गुराच्या अंगात साधारण ३९ अंश सेल्सिअस उष्णता असते. वरचे मांस तासाभरात गार लागते, पण मागच्या मांडीत, हाडाला लागून, ती उष्णता कितीतरी वेळ कोंडून राहते. आमच्या पहिल्या वर्षी टांगायला जागा कमी पडली म्हणून आम्ही मागच्या मांड्या गोठ्यात फळीवर एकावर एक रचल्या, आणि नेमकी त्या रात्री हवा उबदार झाली. तिसऱ्या दिवशी हाडाशी सुरी घातली, तेव्हा आलेला आंबट, कुजका वास मी अजून विसरलेलो नाही. दोन्ही मांड्या पुरून टाकाव्या लागल्या. म्हणून अर्धी धडे एकमेकांना न चिकटता टांगली जातील, त्यांच्या भोवती हवा खेळेल आणि २४ तासांत आतले मांसही ४ अंशांच्या आसपास येईल, अशी जागा आधी शोध. नुसत्या हवेच्या अंदाजावर विसंबू नकोस. तुमच्या भागातल्या खाटिकखान्याचे शीतगृह दोन आठवडे भाड्याने मिळत असेल तर ते घे. उलट कडाक्याच्या थंडीत ऊन ऊन धड उघड्यावर टांगणेही चुकीचेच, कारण मरणानंतर स्नायू ताठ होण्याआधीच फार गार झाले तर ते आकसतात आणि मांस चिवट होते. शून्य ते चार अंशांत दहा ते चौदा दिवस टांगलेले मांस मऊ पडते.

आता हिशोब. ६०० किलोच्या जनावराचे डोके, कातडे, आतडी काढून टांगलेले वजन सुमारे ३६० किलो भरते, आणि हाडे, जादा चरबी काढल्यावर हातात साधारण २३० किलो मांस येते. एवढ्याला ४०० लिटरचा फ्रीझर जेमतेम पुरतो, आणि तेही सगळे एकदम त्यात कोंबता येत नाही. घरगुती फ्रीझर दिवसाला १८-२० किलोपेक्षा जास्त मांस नीट गोठवू शकत नाही. जास्त भरले की मधल्या पुड्या दोन-दोन दिवस कोमट राहतात. तेव्हा कापणीचे दिवस वाटून घ्या, शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये जागा मागून ठेवा आणि बाकीचे मांस काचेच्या बरण्यांत हवाबंद भरा.

प्रत्यक्ष मारण्याचे काम पहिल्या वर्षी फिरत्या खाटकाकडून करून घे. यात कमीपणा नाही. आदल्या दिवशी चारा बंद, पाणी मात्र हवे तेवढे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जनावराला पळवायचे नाही, ओरडायचे नाही, अनोळखी जागी एकटे बांधायचे नाही. घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपून जाते, मग मरणानंतर मांसात हवे तेवढे आम्ल तयार होत नाही आणि ते काळपट, चिकट राहून लवकर नासते. अन्ननलिका आणि गुदद्वार दोरीने घट्ट बांधूनच पोट उघडावे, नाहीतर आतले सांडून सगळ्या मांसावर पसरते. जनावर ३० महिन्यांच्या आतले असू दे. त्याहून मोठ्याचा मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू खाण्यात येता कामा नये.

बरण्यांबाबत मी हट्टी आहे, तू वैतागलीस तरी चालेल. तुझ्या सासूबाई कदाचित सांगतील की त्यांची आजी उघड्या पातेल्यात तीन तास उकळून मांस भरत असे आणि कुणाला काही झाले नाही. आदराने ऐकून घे, पण तसे करू नकोस. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीज उकळत्या पाण्यात मरत नाही, आणि बंद बरणीतले बिनहवेचे, आम्ल नसलेले मांस हे त्याचे माहेरच. त्यासाठी दाबाखालची सुमारे ११६ अंशांची वाफच लागते. बरणी वर इंचभर मोकळी ठेवायची, झाकण लावल्यावर दहा मिनिटे वाफ जाऊ द्यायची आणि मग दाब चढवायचा. एक हजार फुटांच्या आत उंचीवर, वजनाची शिट्टी असलेल्या, बरण्यांसाठीच्या खास दाबाच्या भांड्यात (प्रेशर कॅनर) दहा पौंड दाबाने अर्ध्या लिटरच्या बरणीला ७५ आणि लिटरच्या बरणीला ९० मिनिटे. आपल्या घरातला डाळ-भाताचा कुकर या कामाचा नव्हे.

खारवायचे असेल तर नायट्राइट असलेले गुलाबी क्षार मिळतात. पाच पौंड मांसाला चहाचा सपाट एक चमचा, त्याहून जास्त नाही. हा डबा कुलपात ठेव. आपल्याकडचे सैंधवही गुलाबीच दिसते आणि घरातला कुणीतरी पाहुणा ते भाजीत टाकायचा.

वाळवलेल्या मांसाबद्दल तू मुद्दाम विचारलेस, म्हणून सांगतो. मराठवाड्यात आमची आजी मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायची. आम्ही त्यांना चान्या म्हणायचो. बर्फ नव्हता, पैसा नव्हता, पण वैशाखाचे ऊन होते. ज्यांच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले त्यांनी ही विद्या जपली, आणि ती सांगताना गावात मान खाली घालावी लागे. आज इथे अमेरिकेत तेच दुकानात जर्की म्हणून महाग विकले जाते. तुझ्याकडच्या नोव्हेंबरात मात्र ते ऊन नाही. पाव इंची पट्ट्या आधी ७१ अंशांपर्यंत तापव, मगच सुकवणीच्या यंत्रात घाल; नुसत्या कोमट हवेत जंतू सुकतात, मरत नाहीत.

इथल्या कायद्याने स्वतःच्या जनावराचे मांस घरच्यांना, पाहुण्यांना आणि शेतावरच्या गड्यांना खाऊ घालता येते, विकता येत नाही. ओळखीच्याने शंभर डॉलर पुढे केले तरी नाही म्हण. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा गावाकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर छायाचित्रे टाकू नकोस. त्यावरून उठणारे भांडण तुला इथून मिटवता येणार नाही.

घरातल्या कामाची वाटणी आदल्या रात्रीच कर. खिम्याच्या यंत्रापाशी एकच मोठे माणूस, मुलांकडे पुड्यांवर तारीख आणि तुकड्याचे नाव लिहिणे, थकलेल्यांकडे कागद गुंडाळणे. खिमा तीन-चार महिन्यांत संपवायचा, मोठे तुकडे वर्षभर चालतात, म्हणून खिमा वरच्या खणात ठेव. मूत्रपिंडाभोवतीची चरबी वेगळी काढून मंद आचेवर कढव. तळणाला तिच्यासारखे दुसरे काही नाही.

गोऱ्ह्याचे आजचे वजन आणि शीतगृहाचे काय ठरले ते कळव, म्हणजे किती बरण्या आणायच्या ते लिहून पाठवतो.

तुझा,
काका