सोसायटीच्या ग्रुपचा नवा अ‍ॅडमिन झालायस ना, मग हे वाच

अरे, पाणी कधी येणार असं कुणी विचारलं की मधेच गुड मॉर्निंग, राजकारण, कुणाचे घरगुती मसाले हे सगळं येणारच, लगेच मेसेज उडवत बसू नको, २०२२ पासून अ‍ॅडमिनला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो खरा, पण तो शेवटचा उपाय. आधी पर्सनलवर सांग, काका-काकू असतील तर सरळ फोन कर, चारचौघांत टोकलं की माणूस दुखावतो आणि मग कामाच्या प्रश्नालाही उत्तर देत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी बनव, म्हणजे एकाच ठिकाणी जोडलेले वेगवेगळे ग्रुप, सूचनांना वेगळा ग्रुप जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहिणार, गप्पांना वेगळा. गप्पा बंद मात्र करू नकोस हं, रात्री-अपरात्री रक्त लागलं तर त्याच ओळखीतून माणसं धावतात. निवडणुकीआधी ग्रुपचे नियम पिन कर, म्हणजे चॅटच्या वर लावून ठेव, पिन जास्तीत जास्त ३० दिवसच टिकतो, नंतर परत लावावा लागतो.