जुन्या एक्सपीवर सिग्नलच्या बावट्यांचा स्क्रीन सेव्हर

वडील बोटीवर होते, त्यांच्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर सिग्नलचे बावटे दाखवणारा स्क्रीन सेव्हर हवाय, आणि एका अनोळखी साइटवरून उतरवलेली एससीआर फाइल टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

ती टाकू नका. एससीआर म्हणजे चित्रांची फाइल नव्हे, नावाचं शेपूट बदललेली ईएक्सई, म्हणजे थेट चालणारा प्रोग्रॅम. उघडली की आतलं सगळं चालू होतं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल 2014मध्येच थांबलेत, त्यामुळे तिथे अशी फाइल पकडणारं फारसं काही उरलेलं नाही.

तिची गरजही नाही. एक्सपीमध्ये माय पिक्चर्स स्लाइडशो नावाचा स्क्रीन सेव्हर आधीपासून असतो. त्याला बावट्यांच्या चित्रांचं फोल्डर द्यायचं, एवढंच. खरं काम चित्रांचं आहे, आणि ते नव्या संगणकावर करा.

पूर्ण संच 40 बावट्यांचा असतो: 26 अक्षरांचे, 10 आकड्यांचे, 3 सब्स्टिट्यूट (वरचाच बावटा पुन्हा आहे असं सांगणारे) आणि 1 आन्सरिंग पेनंट (संदेश मिळाल्याची पोच देणारा निमुळता बावटा). चित्रं कुठली घेता ते बघा. व्यापारी बोटीवरचे आकड्यांचे बावटे टोकाकडे निमुळते होत जातात. चौकोनी आकडे दिसले तर तो नौदलाचा तक्ता समजा. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतले अर्थही वेगळे असतात. वडिलांसाठी इंटरनॅशनल कोड ऑफ सिग्नल्सचाच, म्हणजे बोटींच्या आंतरराष्ट्रीय संदेश-पद्धतीचाच संच हवा. आजचा कोड 1969पासून लागू आहे.

प्रत्येक चित्राखाली अर्थ मराठीत लिहा, फार छान वाटतं बघायला. जी: मला पायलट (बंदरात बोटीला वाट दाखवणारा) हवा. एच: पायलट बोटीवर आहे. ओ: माणूस पाण्यात पडला. डब्ल्यू: वैद्यकीय मदत हवी. पिवळ्या क्यूखाली काही तक्त्यांत ‘क्वारंटाइन’ एवढंच छापलेलं असतं आणि बोटीवर साथ आहे असा समज होतो. आजच्या कोडमध्ये तो उलट सांगतो की बोटीवर सगळे निरोगी आहेत, बंदरात व्यवहाराची परवानगी द्या. वर एन आणि खाली सी अशी जोडीही एका चित्रात घ्या. तो संकटाचा इशारा आहे, आणि बोटीवर काम केलेला माणूस तो विसरत नाही. मजकूर चित्रातच उमटवलात की एक्सपीवर मराठी फाँट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

पार्श्वभूमी मात्र काळी ठेवू नका. एलचे दोन काळे चौकोन आणि झेडचा काठीकडचा काळा त्रिकोण तिच्यात बुडून जातात, आणि बावटा भलताच दिसतो. फिकट राखाडी उत्तम. चित्रं ताणूही नका. ए आणि बीच्या टोकाची खाच नीट दिसली पाहिजे. जुना चौकोनी मॉनिटर असेल तर 1024 बाय 768 आकारात, जेपीजी म्हणून साठवा. एसव्हीजी प्रकारची चित्रं तिथे चालणार नाहीत.

मग पेन ड्राइव्हवरून ते फोल्डर संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्या. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, स्क्रीन सेव्हर, यादीतून माय पिक्चर्स स्लाइडशो, सेटिंग्ज, ब्राउझ. चित्र बदलण्याचा वेग कमीत कमी ठेवा, म्हणजे अर्थ निवांत वाचता येतील. तिथल्याच पॉवरच्या बटणात मॉनिटर बंद होण्याची वेळ बघा. ती स्क्रीन सेव्हरच्या वेळेपेक्षा कमी असली तर बावटे कधी दिसणारच नाहीत, नुसता काळा पडदा. बरेच जण इथेच अडकतात आणि चित्रांना दोष देतात.

पुढे कधी खात्रीच्या माणसाकडून, त्याच्या जुन्या सीडीवरची एससीआर मिळाली, तर ती आधी विंडोजमधल्या सिस्टम32 फोल्डरमध्ये कॉपी करा, मगच राइट क्लिक करून इन्स्टॉल म्हणा. थेट सीडीवरून केलंत तर संगणक ती फाइल सीडीवरच शोधत राहतो, आणि सीडी काढली की स्क्रीन सेव्हर बंद.