जुने इंग्रजी शब्द: सुरुवात कुठून करावी?
स्वागत! लांबलचक याद्या पाठ करू नका, आठवड्यात विसराल. रोज एकच शब्द घ्या, पण वाक्यासकट वहीत उतरवा.

अनोळखी शब्दांना घाबरू नका. फसवतात ते ओळखीचे. ‘नाइस’ म्हणजे १४व्या शतकात मूर्ख! मूळ लॅटिन शब्द ‘नेस्कियस’, म्हणजे अजाण. ‘सिली’ एके काळी धन्य, पुण्यवान माणसाला म्हणत. ‘व्हेअरफोर’चा अर्थ ‘कुठे’ नव्हे, ‘का’. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा चुकतो. म्हणून आधी मजकुराचं साल बघा, मग अर्थ लावा.

त्यासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश (पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली) वापरा. त्यात प्रत्येक अर्थाची उदाहरणं सालवार दिलेली आहेत. ग्रंथालयात मिळाला तर जरूर चाळा.

अँग्लो-सॅक्सन, म्हणजे सर्वांत जुन्या इंग्रजीचं, व्याकरण आत्ता नकोच. पहिले पन्नास शब्द झाले की विचारा, सांगेन.