नजरेपुढची जागा : किती आणि कशासाठी?

प्रश्न : नान्नजच्या माळरानावर मी काळविटाचे एक छायाचित्र टिपले. नर चौकटीच्या उजव्या कडेजवळ उभा राहून उजवीकडेच पाहतो आहे आणि त्याच्या मागे, डाव्या बाजूला, माद्यांचा कळप चरतो आहे. नजरेपुढे पुरेशी जागा नाही, एवढ्याच कारणावरून आमच्या मंडळाच्या स्पर्धेत ते बाद झाले. हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळायचा असतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नियमामागचे कारण खरे आहे. चित्रात डोळे दिसले की पाहणाऱ्याचे लक्ष आधी त्यांच्याकडे जाते आणि मग तो प्राणी ज्या रोखाने पाहतो आहे त्या रोखाने पुढे सरकते. पुढे मोकळी जागा असेल तर ते चौकटीत रेंगाळते. लगेच कड आली तर बाहेर पडते आणि उरलेल्या चित्राकडे सहसा परतत नाही. त्यामुळे एकटा प्राणी, साधी पार्श्वभूमी आणि बाजूने दिसणारा चेहरा असे चित्र असेल, तर प्राण्याच्या मागच्यापेक्षा पुढची जागा अधिक ठेवावी, हा सल्ला योग्यच आहे. परंतु तुमच्या चित्रातली मागची जागा रिकामी नाही. काळविटाचा नर विणीच्या काळात आपली हद्द राखतो आणि दुसऱ्या नराला तिच्यात शिरू देत नाही. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला माद्यांकडे पाठ करून बाहेर रोखलेली ही नजर राखणदाराचीच वाटेल. कळप कापून उजवीकडचे गवत वाढवले असते, तर नियम पाळला गेला असता, पण चित्रात पाहण्यासारखे काही उरले नसते. परीक्षकांचे मत मला म्हणूनच पटत नाही. मात्र नाकाचा किंवा शिंगांचा शेंडा कडेला टेकत असेल, तर ती जागा हेतूने कमी ठेवल्यासारखी वाटत नाही, अनवधानाने कापली गेल्यासारखी वाटते. तेवढे अंतर तपासून पाहावे.

कमी जागेचा हेतुपूर्वक उपयोग चितळांच्या कळपात फार चांगला होतो. वाघाची चाहूल लागली की चितळे चरणे थांबवतात, शेपट्या उभारतात, एखादे पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि साऱ्या माना एकाच दिशेला वळतात. अशा वेळी कळपासमोर भरपूर मोकळे रान दाखवले, तर तिथे काहीच नाही हेही दिसून जाते. तीच नजर कडेजवळ तोडली, तर धोका चौकटीच्या अगदी बाहेर उभा आहे असे वाटते.

जागेच्याही आधी चेहऱ्याच्या कोनाचा विचार व्हावा, असे मला वाटते. चितळ, काळवीट, ससा यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे बाजूने दिसणारे चितळ तुम्हाला अगदी नीट पाहत असते. तरीही पाहणारा त्याच्या नजरेची दिशा ठरवतो ती नाकाच्या रोखावरून, आणि पक्ष्याच्या बाबतीत चोचीच्या रोखावरून. रचना करताना हाच रोख धरावा. चेहरा कॅमेऱ्यापासून थोडा जरी पलीकडे वळला, तरी डोळ्यातली चमक हरवते आणि मग पुढे कितीही जागा ठेवली तरी चित्र परकेच राहते. तो किंचित आपल्याकडे वळेपर्यंत थांबणे केव्हाही चांगले. पिंगळ्याचे तसे नाही. घुबडांचे डोळे खोबणीत जवळजवळ स्थिर असतात, ती मानच सुमारे २७० अंशांपर्यंत फिरवतात, म्हणून त्यांचा चेहरा जिकडे तिकडेच नजर असते.

नजर नेहमी डावी-उजवीकडेच जाते असेही नाही. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत राहतो, तेव्हा त्याचे शरीर वर आणि चोच थेट खाली असते. आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंना आकाश सोडून काहीच साधत नाही. कॅमेरा उभा धरावा, पक्षी वरच्या भागात ठेवावा आणि खाली पाणी येऊ द्यावे.

प्रश्न : ताडोबात वाघीण रस्त्याने डावीकडे चालली होती, पण मान वळवून मागे उजवीकडे पाहत होती. अशा वेळी जागा कोणत्या बाजूला सोडावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पाऊल उचललेले असेल तर चालीच्या बाजूला, ती थबकलेली असेल तर नजरेच्या बाजूला. मागून बछडी येत असतील, तर मात्र या हिशेबात न पडता तीही चौकटीत घ्यावीत, कारण तिच्या वळण्याचे कारणच ती आहेत. शेपूट पूर्ण येऊ द्यावी. मागे पाहणाऱ्या वाघिणीची तुटलेली शेपूट फार खटकते. वाघीण सरळ कॅमेऱ्यात पाहत असेल, तर नजरेला बाजूच उरत नाही आणि तिचा चेहरा निःसंकोच मधोमध ठेवता येतो.

सफारीच्या उघड्या जिप्सीत हे सारे ठरवायला क्षणभरच मिळतो. म्हणून फोकसचा बिंदू मधून हलवण्याचा सराव घरीच करावा, किंवा चौकट थोडी सैल ठेवून रचना नंतर पक्की करावी. ६००० × ४००० पिक्सेलच्या आडव्या छायाचित्रातून २६६७ × ४००० ची उभी चौकट कापली, तरी ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ती सुमारे २३ × ३४ सेंटीमीटर छापता येते. मात्र चौकट सैल ठेवावी ती नजरेच्या बाजूला, कारण टिपतानाच बाहेर राहिलेले गवत नंतर आणता येत नाही. आणि तिने आपल्याकडे पाहावे म्हणून टिचकी, शीळ किंवा हाक कोणीही देऊ नये, चालकालाही देऊ देऊ नये. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना छेडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि दचकून टाकलेल्या नजरेतला ताण जाणत्या डोळ्याला चित्रातही दिसतो.

प्रश्न : आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून प्राणी उजवीकडे पाहत असल्यास चित्र अधिक सहज वाटते असे ऐकले. मग संगणकावर चित्र उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे, केले तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात आणि प्रत्येक वाघाचे वेगळे असतात. कॅमेरा ट्रॅपमधील, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतील, छायाचित्रांतून वाघ ओळखले जातात ते याच पट्ट्यांवरून. चित्र उलटे केले की अस्तित्वात नसलेला वाघ तयार होतो. नियतकालिकासाठी चित्र पाठवायचे असेल, तर तशी गरजही नसते. डावीकडे पाहणारा प्राणी उजव्या पानावर आणि उजवीकडे पाहणारा डाव्या पानावर घेतला, की दोघांचीही नजर अंकाच्या आत वळते. तेव्हा दोन्ही दिशांची छायाचित्रे असतील तर दोन्ही पाठवावीत आणि ती न कापता पाठवावीत.